बारा पुरी नाहीत

त्या दिवशी आईने मला परकर-पोलकं घालू दिलं नाही. आदल्या वर्षीचा, खांद्यात दाटणारा फ्रॉक तिने ट्रंकेतून काढला आणि घट्ट दोन वेण्या घालून वर रिबिनी बांधल्या. १९७४ ची दिवाळी होती. आम्ही सोलापूरहून मंगळवेढ्याकडे, तिच्या माहेरी निघालो होतो. गाडीत चढण्यापूर्वी स्टँडवरच्या नळाशी तिने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मास्तरनं विचारलं तर बारा पुरी नाहीत म्हणायचं. सहावीत आहे म्हणायचं." मला तेरा पुरी होऊन चार महिने झाले होते आणि मी आठवीत होते.

कंडक्टर आला. खाकी कपडे, गळ्यात कातडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी. आई म्हणाली, "एक पूर्ण, एक अर्धं." त्याने माझ्याकडे पाहिलं. फ्रॉककडे पाहिलं, फ्रॉकखालच्या लांब पायांकडे पाहिलं. मी पाय सीटखाली ओढून घेतले.

"कितवीत आहेस बाळ?"

"सहावीत."

त्याने चिमट्याने तिकिटाला भोक पाडलं, अर्धं तिकीट माझ्याच हातात दिलं आणि पुढे गेला. त्याला कळलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. कामती येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. खिडकीबाहेर ज्वारी पोटरीला आली होती आणि ती तिकडेच पाहत बसली होती.

सवलत हा शब्द माझ्या आयुष्यात असा आला. शब्द कळण्याआधी मला त्याची किंमत कळली. पैशात ती अर्ध्या तिकिटाची होती. बाकीची किंमत त्या फ्रॉकची, त्या दोन वेण्यांची आणि आईच्या त्या गप्प बसण्याची होती.

वडील गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम नाही. पहाटे भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी मशीनवर लागायचं, नसेल तर डबा तसाच घेऊन घरी यायचं. डबा भरलेला परत आला की त्या दिवशीचा पगार नाही हे आम्हा पोरांना न सांगता कळायचं. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांचं, चिमण्यांचं गाव. पूर्व भागात घरोघरी मागांची खटखट, गिरणगावात पाळीचे भोंगे. वडील चौथीपर्यंत शिकले होते आणि ते सांगताना नेहमी एक शब्द वापरायचे: "मी नादारीवर शिकलो."

हा शब्द आता कुणी वापरत नाही. गरीब मुलाला फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. कुणाला पूर्ण नादारी, कुणाला अर्धी. नोकरीत असताना जुनी रजिस्टरं चाळताना मला तो शब्द पुन्हा भेटला, नावांपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, बोरूने लिहिल्यासारख्या वळणदार अक्षरात. हा फारसीतून आलेला शब्द. दार म्हणजे बाळगणारा. जमीन बाळगणारा जमीनदार, दुकान असणारा दुकानदार. ज्याच्यापाशी काहीच नाही तो नादार. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या नावापुढे शाळेने लिहून ठेवायचं, की ह्याच्यापाशी काही नाही. वडिलांनी तो शब्द कधी दुःखाने उच्चारला नाही, उलट अभिमानानेच उच्चारला. पण मला तो रकाना पाहून बराच वेळ काम सुचलं नाही.

आमच्या वेळेपर्यंत शब्द बदलला होता. १९५९ च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. जात कुठलीही असो, गरिबी हा निकष. पुढे उत्पन्नाची मर्यादा वाढत गेली, पण नाव एकच राहिलं: ईबीसी, म्हणजे इकॉनॉमिकली बॅकवर्ड क्लास, आर्थिकदृष्ट्या मागास. त्या तीन अक्षरांचा अर्थ आमच्या गल्लीत कुणालाही सांगता आला नसता, पण "ईबीसी भरली का?" हा प्रश्न जूनमध्ये पाण्याच्या नळावरसुद्धा विचारला जायचा. माझं शिक्षण त्या अक्षरांवर झालं. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिला मॅट्रिक, पहिला पदवीधर त्याच अक्षरांवर झाला. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्याविषयी माझ्या मनात अजूनही कृतज्ञता आहे आणि ती सांगायला मला संकोच वाटत नाही.

ईबीसी हा शब्द नादारीपेक्षा बरा, कारण तो कुणाच्या कपाळावर काही लिहीत नाही. फीमाफी या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. माफी गुन्ह्याला असते. फी नसणं हा त्या पोराचा कुठला गुन्हा? सूट त्याहून चांगला, आपला अस्सल मराठी, सुटण्यातून आलेला. शेतसाऱ्याच्या कागदांत सूट आणि तहकुबी असे दोन शब्द शेजारी असतात. तहकुबी म्हणजे आज नको, पुढे भर. सूट म्हणजे सुटलास. आणि सवलत? ती मूळची अरबी, सुहूलत. अर्थ सोपेपणा. हिंदीतली सहूलियत तिचीच बहीण. कुणी उपकार केला, कुणी क्षमा केली असं त्यात काही नाही. अवघड होतं ते सोपं केलं, एवढंच. मला या सगळ्यांत सवलत हा शब्द सर्वांत सभ्य वाटतो. प्रत्यक्षात ती मिळवणं मात्र सोपं नसतं, हे मी चौतीस वर्षं खिडकीच्या आतून पाहिलं.

१९८५ साली मी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून लागले. आवक-जावक, बोनाफाईड, दाखले आणि सवलतींचे फॉर्म हे माझं टेबल. एसटीच्या पासाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांच्या रेल्वे सवलतीचं पुस्तक. प्रत्येक फॉर्मला शिक्का, मुख्याध्यापकांची सही, जावक क्रमांक. सवलत मागायला आलेला माणूस खिडकीशी येतो तेव्हा थोडा वाकतो. खिडकी खाली असते म्हणून नव्हे. रांग नसली तरी तो बाजूला उभा राहतो, आधी दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, आणि आवाज इतका खाली आणतो की मला दोनदा विचारावं लागे.

त्यात एक दिवस वेगळा होता. १९८६ पासून राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही असं ठरलं. त्या सुरुवातीच्या दिवसांत विडी कारखान्यात जाणारी एक बाई पदराच्या गाठीत फी बांधून आली. माझ्यासमोर गाठ सोडली, नाणी मोजायला घेतली. मी म्हटलं, "मावशी, मुलींची फी घेत नाही आता." ती म्हणाली, "फारम कुठला भरायचा?" मी म्हटलं, "कुठलाच नाही." ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "दाखला लागतो का उत्पन्नाचा?" मी म्हटलं, "नाही. मुलगी आहे ना, झालं." ती पैसे पुन्हा गाठीत बांधू लागली, पण गाठ काही तिला नीट बसेना.

मी चौतीस वर्षांत हजारो सवलती कागदावर चढवल्या, पण मनापासून आवडली ती हीच. कारण ती कुणाला मागावी लागली नाही. तू किती गरीब आहेस हे सिद्ध कर, असं कुणी म्हटलं नाही.

उलटं उदाहरणही माझ्याच हातचं आहे आणि ते इथे लिहायला हवं. साल सांगत नाही. यंत्रमागावर काम करणारा एक माणूस मुलाचा सवलतीचा फॉर्म घेऊन आला, शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या वेळेला. उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता. तो म्हणाला, दाखल्यासाठी दोन दिवस तहसीलला गेलो, दोन्ही दिवसांचा रोज बुडला, आज साहेब नव्हते. "फॉर्म तेवढा घेऊन ठेवा बाई, दाखला परवा आणून देतो." मी नियम सांगितला. अपूर्ण फॉर्म घेता येत नाही. नियम खरा होता. पण फॉर्म घेऊन त्यावर ‘दाखला नंतर’ असं पेन्सिलीने लिहून फाईलला लावणं मला शक्य होतं, आणि ते मला माहीत होतं. त्याने फॉर्मची घडी केली, खिशात ठेवली, "बरं बाई" म्हणाला आणि गेला. त्या वर्षी त्या मुलाची फी पूर्ण भरली गेली. कशी भरली ते मी विचारलं नाही. मी स्वतः ईबीसीवर शिकले होते. दाटलेल्या फ्रॉकात बसून खोटं बोलल्यावरसुद्धा एका कंडक्टरने मला अर्धं तिकीट दिलं होतं. आणि समोरचा माणूस खरं बोलत असताना मला पेन्सिल उचलता आली नाही.

बाजारातली सूट वेगळी. तिथे दोघंही ताठ उभे असतात. चाटी गल्लीत साडी घ्यायला बसलं की दुकानदार भाव सांगतो, आपण निम्म्याला मागतो, तो गादीवरून उठायचा आविर्भाव करतो, आपण चप्पल घालायला लागतो, आणि "बोहनीची वेळ आहे, तुम्ही म्हणून" असं म्हणत सौदा होतो. यात कुणी कुणासमोर वाकत नाही. भाजीवाली तोलून झाल्यावर चार मिरच्या वर टाकते, तेव्हा तर ती देणारी असते आणि ते तिला शोभतं. गरज नसलेल्या माणसाला सूट मिळवण्यात मौज वाटते. ज्याला गरज आहे तो ती मागत असताना इकडेतिकडे पाहतो, कुणी ऐकत तर नाही ना.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत माझ्या वाट्याला जेमतेम आठ महिने आली. बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मं भाडं, पुरुषांना साठीपासून चाळीस टक्के सूट. मी जुलै २०१९ मध्ये अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त झाले आणि यजमानांच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी आमच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. २० मार्च २०२० पासून ती सवलत थांबली. कोरोनात प्रवास कमी व्हावा म्हणून थांबवली होती, ते समजण्यासारखं होतं. पुढे गाड्या पूर्ववत धावू लागल्या. दिव्यांगांच्या, काही आजारांच्या रुग्णांच्या, विद्यार्थ्यांच्या सवलती चालू राहिल्या. ज्येष्ठांची परत आली नाही. खालचा बर्थ देण्याची सोय तेवढी आहे. यजमानांच्या पेन्शनमध्ये आमचं भागतं, आम्ही पूर्ण भाडं देऊ शकतो आणि देतो. पण त्याच गाडीत मला अशी म्हातारी जोडपी भेटतात, ज्यांनी मुलाकडे जाण्याच्या वर्षाच्या तीन फेऱ्या एकीवर आणल्या आहेत.

त्या आठ महिन्यांतली एक गोष्ट मला खटकली होती. तिकिटावर छापलेलं असायचं, की तुमच्या भाड्यातला ४३ टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि तिकीट काढताना विचारायचे, सवलत सोडून द्यायची आहे का? हिशेब खरा असेल. पण जेवायला वाढून झाल्यावर पाटावर बसलेल्याला धान्याचा भाव सांगू नये, हे आपल्याकडे लहानपणी शिकवतात. आयुष्यभर कर भरलेला, बिलं भरलेला माणूसच तर तो सामान्य नागरिक.

इंग्रजी कन्सेशनचा दुसरा अर्थ मला नातवाने विचारला म्हणून कळला. अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांत त्याने ‘कन्सेशन स्पीच’ ऐकलं होतं. हरलेला उमेदवार जाहीरपणे पराभव मान्य करतो ते भाषण. तो म्हणाला, "आजी, यात सवलत कुठे आली?" शब्दकोश काढून बसलो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मागे सरणं, वाट देणं. वादात समोरच्याचा मुद्दा मान्य करणं तेही कन्सेशन. आपण त्याला नमतं घेणं म्हणतो, पड खाणं म्हणतो, पण सवलत म्हणत नाही. मराठीत हे दोन डबे वेगळे आहेत. नवरा-बायकोत नमतं घेतात, तिकिटात सवलत देतात. सरकारने कंपनीला वर्षानुवर्षं टोल गोळा करायचा हक्क दिला तर तेही कन्सेशनच, आणि ती कंपनी कन्सेशनेअर. पुण्याच्या रस्त्यावर सावळेश्वरच्या नाक्यावरून जाताना मला आता ते आठवतं. आषाढीला वारकऱ्यांच्या गाड्यांना तिथे टोल माफ असतो. एकाच नाक्यावर दोन कन्सेशनं, एक कितीतरी वर्षांचं आणि एक वारीपुरतं.

पण मागे सरणं हा अर्थ माझ्या मनात घर करून राहिला. देणारा आपल्या जागेवरून हलतो तेव्हाच खरं देणं होतं. तो कंडक्टर हलला होता. त्याच्याकडे नियम होता, डोळ्यांसमोर तेरा वर्षांची मुलगी होती, आणि तो एक पाऊल मागे सरला.

गेल्या पौषात मी आईला घेऊन मंगळवेढ्याला गेले. ती आता त्र्याऐंशीची आहे. मामांकडची ज्वारी हुरड्याला आली होती आणि तिला एकदा शेत बघायचं होतं. मंगळवेढ्याचं नाव मालदांडी ज्वारीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती जमीन पावसावर. दुष्काळी सालात आमच्या मामांच्या घरात पैसेवारीची चर्चा चालायची. म्हातारे अजून आणेवारीच म्हणतात. पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. तो पन्नासच्या आत आला तर दुष्काळी सवलती: महसुलात सूट, कर्जाची फेररचना, शेतीपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ. त्यामुळे आपलं पीक बुडाल्याचं सरकारने लवकर मान्य करावं, अशी वाट बघायची वेळ शेतकऱ्यावर येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात मंगळवेढाही होता. त्या वर्षी परीक्षा फीच्या याद्या मीच केल्या. त्या यादीत आपलं नाव आहे ना, हे पाहायला मुलं खिडकीशी यायची आणि नाव दिसलं की कुणीही हसायचं नाही.

आईला दामाजीपंतांच्या देवळात जायचं होतं. सभामंडपात टेकून बसली आणि मला पाठ असलेली गोष्ट तिने पुन्हा सांगितली. बहामनी राजवटीत दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्न अन्न करत वेशीशी आली, आणि पंतांनी बादशहाच्या धान्याची कोठारं उघडली. बीदरहून पकडायला शिपाई आले. पंत वाटेत असतानाच विठोबा विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची सगळी रक्कम भरली आणि पावती घेतली. आईचा सगळा जीव त्या विठूत. मला मात्र, बहुधा लिपिक होते म्हणून, कोठाराच्या कुलपाशी उभे असलेले पंत दिसतात. विठू येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. आलेल्यांपैकी खरा उपाशी कोण याचा दाखला त्यांनी मागितला नाही. आणि धान्य त्यांचं नव्हतं, मान मात्र त्यांची होती.

"काय विचार करायलीस?" आई म्हणाली.

मी तिला त्या यंत्रमागवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं. समजूत घातली नाही. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "त्याचं पोरगं शिकलं का पुढं?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." "विचारून ठेवायचं की गं," ती म्हणाली.

परतीच्या गाडीला गर्दी होती. कॉलेजच्या एका पोरीने उठून आईला जागा दिली. कंडक्टर तरुण होता, गळ्यात मशीन. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना निम्मं भाडं. मोफतच्या योजनेला अमृत नाव आहे, निम्म्याच्या योजनेला महिला सन्मान. नादारीपासून सन्मानापर्यंत शब्द इतका चालत आला. मी पिशवीत आईचं आधार कार्ड शोधू लागले. कार्ड वरच्या कप्प्यात नव्हतं, हुरड्याच्या पिशवीखाली गेलं होतं. मी घाईघाईने एकेक वस्तू काढू लागले तसा तो म्हणाला, "राहू द्या मावशी. आज्जींकडे बघून कळतंय की." मशीन घरघरलं. एक तिकीट माझं, एक आईचं.

आईने तिचं तिकीट माझ्याकडून मागून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, पण अक्षर बारीक.

"किती लिहिलंय गं?"

"शून्य."

"शून्य का असंना, तिकीट हाय ना?"

"आहे की."

तिने त्याची चौघडी केली, कमरेची पिशवी सोडली आणि तिकीट आत ठेवून नाडी ओढून घेतली. मग खिडकीबाहेरच्या ज्वारीकडे पाहत, शेजारी उभ्या असलेल्या त्या पोरीला म्हणाली, "ही तेरा वर्साची होती तवा, ह्याच गाडीत मी बारा पुरी नाहीत म्हणून सांगितलं होतं."